एक म्हणून दाखव

पांढऱ्यांची फौज वीपुरीत शिरली त्या सकाळी प्रोकोपी बेकरीवाला ठेवणीतला सदरा घालून त्यांच्या स्वागताला निघाला होता. केस पाण्याने चापून बसवलेले, बुटांना चरबी चोळलेली आणि हातात दोरीत ओवलेल्या रिंकेली. रिंकेली म्हणजे वीपुरीचा जीव की प्राण: वेलदोडा घातलेला, पीळ देऊन गाठ मारलेला, गव्हाच्या पेंढ्यावर भाजलेला गोड पाव. घरात उरलंसुरलं पांढरं पीठ त्याने या एका दिवसासाठी सांभाळून ठेवलं होतं.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका नटला नव्हतास," सायमी म्हणाली.

"लग्नाच्या दिवशी घरात पीठ मुबलक होतं. माणसाला खरा आनंद कशाचा होतो ते तूच बघ," प्रोकोपी म्हणाला, आणि बायकोने चिमटा काढायच्या आत बाजूला सरकला.

त्याला आनंद व्हायला कारण होतं. डिसेंबरात आपला फिनिश मुलूख रशियाच्या हाताखालून सुटला. स्वातंत्र्य मिळालं, खिडक्यांत मेणबत्त्या लावून झाल्या, आणि दोन महिने व्हायच्या आत आपलीच माणसं दोन तट करून एकमेकांच्या उरावर बसली. कुळं आणि कामगार ते लाल. जमीनदार, शिकलेले आणि पोटभर जेवणारे शेतकरी ते पांढरे. जानेवारीपासून वीपुरी लालांच्या ताब्यात होती. त्यांनी प्रोकोपीच्या पिठाच्या गोण्या क्रांतीसाठी नेल्या, मग इंधनाची लाकडं क्रांतीसाठी नेली, शेवटी क्रांतीला त्याचा घोडाही लागला. तेव्हा पांढरे आले म्हणजे बरे दिवस आले, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्यात पांढऱ्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.

प्रोकोपी रशियन होता. पण वीपुरीत त्याचं कुणाला काय! लोक फिनिशमध्ये भाव विचारत, रशियनमध्ये घासाघीस करत आणि स्वीडिशमध्ये नाक मुरडत. आईबाप नसलेला प्रोकोपी लहानपणीच लुकाकाकाचं बोट धरून या शहरात आला होता. लुकाकाका नात्याने त्याचा कुणी नव्हता. गावाकडचा एक भट्टीवाला, ज्याने रस्त्याकडेला रडणारं पोर उचललं, मोठं केलं, पीठ मळायला शिकवलं आणि म्हातारपणी बेकरी त्याच्या हवाली करून भट्टीमागच्या बाकावर जाऊन बसला, इतकंच नातं. सायमी फिनिश, तळ्यापलीकडच्या गावातली. ती या घरात सून म्हणून आली आणि लुकाकाकाने तिला पहिल्याच दिवशी रशियनमध्ये इतकं काही सांगितलं की ती घाबरून रडायला लागली. नंतर कळलं की तो तिच्या कणीक तिंबण्याचं कौतुक करत होता.

आज तोही निघाला होता. पांढरीशुभ्र दाढी छातीवर विंचरून सोडलेली, अंगात सणाचा कोट. प्रोकोपीने दाराच्या कडीला हात घातला तेवढ्यात दार बाहेरूनच उघडलं आणि दूधवाली फीना आत घुसली. किटल्या नाहीत, डोक्याला रुमाल नाही.

"कुठे निघालास रे?"

"पाहुण्यांना भेटायला."

"पाहुणे! दार लाव. अरे ठोंब्या, दार लाव म्हणते ना आधी!" तिने स्वतःच दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. "रशियन माणूस दिसला की धरतायत. कोपऱ्यावरचा शिंपी फुलं घेऊन उभा होता, तुझ्यासारखाच. त्याला म्हणाले, फिनिशमध्ये एक म्हणून दाखव. तो आपला बिचारा हसला आणि म्हणाला, युक्सी. तसंच नेलं त्याला तटाच्या खंदकाकडे. फुलं हातातच होती."

"कशाला नेलं?" प्रोकोपीने विचारलं.

फीनाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग सायमीकडे. "तू सांग ग याला," ती म्हणाली.

"पण लालांनी आमचंच तर लुटलं," प्रोकोपी म्हणाला. "आम्ही कुठे लाल आहोत?"

"तसं कपाळावर लिहिलंय का तुझ्या? ओल्याबरोबर सुकं जळतं म्हणतात, इथे तर आधी सुकंच जाळतायत. घरोघर फिरतायत ते. पलीकडच्या गल्लीत आहेत आता." ती जायला वळली, पण पुन्हा थांबली. "मी आले होते हे कुणाला सांगू नकोस, सायमी. मला पोरं आहेत."

ती गेली. मागच्या अंगणातून पळावं, तर अंगणापलीकडे रस्ता आणि रस्त्यावर शिपाई. लपावं, तर बेकरीत लपायला जागा एकच, आणि त्या भट्टीत सकाळपासून जाळ होता.  सायमीने ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला पंचा काढला, हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "एक म्हण."

"युक्सी."

"हाय रे देवा," सायमी म्हणाली.

आमच्या भाषेतला हा 'एक' म्हणजे मोठा खट्याळ शब्द आहे. कागदावर तो नीट उतरतच नाही. इक्सी लिहिलं तरी चूक, उक्सी लिहिलं तरी चूक. तोंडात 'ई' धरायचा आणि ओठ मात्र शीळ घालायला करतात तसे करायचे, मग जे बाहेर येतं ते खरं. आमच्या पोरांना ते दुधाबरोबर येतं. रशियन माणसाची जीभ तिथे हमखास घसरते आणि आधी एक 'य' येऊन पडतो. प्रोकोपी वर्षानुवर्षं बाजारात रिंकेली विकताना युक्सी, युक्सी म्हणून ओरडत होता आणि कुणी त्याला कधी टोकलं नव्हतं. सायमीला तर तो 'य' आवडायचा. लग्नाआधी तो ऐकायला म्हणून ती मुद्दाम एकच रिंकेली मागायची. तोच 'य' आता त्याचा जीव घ्यायला निघाला होता, आणि तिला स्वतःचाच राग आला की इतक्या वर्षांत आपण त्याला सुधारलं का नाही.

"ई म्हण. नुसतं ई."

"ई."

"तसाच धर. आता ओठ पुढे काढ."

"यू."

"यू नाही! जीभ हलवू नकोस, ओठ हलव."

"माझी जीभ आणि ओठ एकाच तोंडात आहेत, सायमी. एकाला सांगितलं की दुसऱ्याला ऐकू जातं."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. तिने त्याचे गाल चिमटीत धरले, ओठ बोटांनी पुढे ओढले, लहान पोराला औषध पाजताना धरतात तसं. काही उपयोग नाही. युक्सी, युक्सी, एकदा तर नुसतीच थुंकी उडाली. लुकाकाका बाकावर बसून हे पाहत होता. त्याला फिनिश येत नसे. पाव, पाणी आणि एक शिवी एवढ्यावर त्याने सगळा जन्म काढला होता. त्याने रशियनमध्ये काहीतरी विचारलं. प्रोकोपीने सांगितलं. मग म्हातारा उठला, पिठाच्या परातीतून चिमूटभर पीठ घेऊन प्रोकोपीच्या तळहातावर टाकलं आणि म्हणाला, "फुंकर मार."

भट्टीवाला माणूस फळीवरचं जास्तीचं पीठ उडवतो ती फुंकर बेताची असते. जोरात मारली तर डोळ्यांत जातं, हळू मारली तर चिकटून राहतं. ओठांचा अगदी बारीक चंबू करावा लागतो. प्रोकोपीने फुंकर मारली.

"तसेच!" सायमी ओरडली. "तसेच ठेव ओठ! आता ई म्हण!"

आणि शब्द आला. 'य'शिवाय, स्वच्छ, तळ्याकाठच्या एखाद्या पोराने म्हणावा तसा. प्रोकोपी स्वतःच दचकला. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा आला. पीठ नसताना म्हटलं तर परत घसरला. मग त्यांनी ठरवलं की कुणीही येवो, प्रोकोपी मळत उभा राहील आणि बोलायच्या आधी हातावरचं पीठ उडवेल.

"आणि काका?" प्रोकोपी म्हणाला.

काकाला शिकवण्यात अर्थ नव्हता. त्याला ती फुंकर येत होती, पण समोरच्या दोन दातांबरोबर बाकी सगळं निघून गेलं होतं. "काका बहिरा आणि मुका," सायमी म्हणाली. "जन्मापासून. माझ्या माहेरकडचा, लांबचा. आणि ती दाढी काढावी लागेल. अशी दाढी आपल्याकडे कुणी ठेवत नाही."

प्रोकोपीने हे रशियनमध्ये सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. म्हातारा बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "सूनबाईला सांग, हिच्याखाली हनुवटी आहे की नाही हे मलाही आठवत नाही. निघाली तर बघू."

सायमीनेच वस्तरा चालवला. पांढरे केस जमिनीवर पडले ते तिने गोळा करून जाळात टाकले, आणि घरभर करपल्याचा वास सुटला. दाढीखालून हनुवटी निघाली ती कणकेच्या गोळ्यासारखी पांढरी आणि मऊ. वरचा अर्धा चेहरा भट्टीने भाजून तांबूस झालेला. सायमीने ती हनुवटी पाहिली; दाढी आजच उतरवलीय हे कुणीही ओळखलं असतं. तिने थोडी राख तेलात कालवून त्यावर चोळली, पण त्याने हनुवटी नुसती मळकट झाली.

"आता तोंडातून अक्षर काढायचं नाही, सांग त्यांना. काही झालं तरी नाही."

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "गप्प बस असं मला जन्मभर लोक सांगत आलेत," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा ऐकतो."

कोपऱ्यातली देवाची रशियन तसबीर सायमीने काढून पिठाच्या कोठीत घातली. प्रोकोपीचा सणाचा सदरा उतरवला. मग तिला आणखी एक सुचलं, आणि तेव्हा ती स्वतःवर खूश झाली.

"शब्द एकच पाठ झालाय. तो शिपाई आणखी काही बोलायला लागला तर?"

"मला फिनिश येतं की ग."

"येतं, पण तुझ्या प्रत्येक वाक्यात रशिया आहे. तू बोलूच नकोस. आमच्या पुरुषांसारखा वाग. कुणी काहीही म्हटलं की नुसतं श्वास आत ओढत 'यो' म्हणायचं."

हे सांगायला हवं. आमच्याकडचा पुरुष 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाही, आत ओढतो. ओठ जेमतेम उघडे, आणि आतल्या आत एक 'यो', कुणीतरी गार पाण्यात पाय घातल्यासारखा. त्याचा अर्थ 'हो' असतो, 'ऐकतोय' असतो आणि 'बरं बरं, आटप आता' असाही असतो. आमच्या पुरुषांची लग्नं या एका श्वासावर ठरतात आणि पुढचे संसारही त्यावरच निभावतात. परका माणूस हे शिकत नाही, कारण हे शिकण्यासारखं आहे असं त्याला वाटतच नाही. पण प्रोकोपीला ते जमत होतं. सासरा यायचा तेव्हा दोघं शेजारी बसून संध्याकाळभर यो यो करत बसायचे.

"कर बघू. आज थंडी आहे."

"यो."

"बाजारात मासळी नाही."

"यो."

"माझी बायको फार गुणाची आहे."

"यो," प्रोकोपी म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. त्या दोघांचं त्या घरातलं ते शेवटचं हसू.

दार शिपायांनी बंदुकीच्या दस्त्याने ठोकलं. तिघे होते. पुढचा दांडगा, पिवळ्या मिशांचा, टोपीत हिरवी डहाळी खोचलेला. पश्चिमेच्या सपाट मुलखातला शेतकरी असावा, तोंड उघडल्याबरोबर कळलं. मागचे दोघे तरणे, दमलेले, भिंतीला टेकले. प्रोकोपी फळीपाशी मळत उभा. लुकाकाका बाकावर, हात गुडघ्यांवर.

"घरात कोन कोन हाय?"

"आम्ही नवराबायको आणि हे काका," सायमी म्हणाली.

"मालकाला एक म्हनू दे."

प्रोकोपीने हात वर घेतले, तळव्यावरचं पीठ फुंकलं आणि शब्द म्हटला. बरोबर आला. सायमीने फळीची कड धरली. मिशीवाल्याने मान डोलावली. त्याची नजर आता माळेतल्या रिंकेलींवर गेली होती. न विचारता त्याने एक तोडली आणि खायला लागला, आणि खाताना त्याचा चेहरा माणसासारखा झाला.

"लय दिसांनी पांढरा पाव खातुया."

"यो."

"लालांनी पीठ नेलं आसंल समदं."

"यो."

"आमच्याकडं बी झाडाच्या सालीची भाकर खाल्ली औंदा. पोरांची पोटं दुखत्यात त्यानं."

"यो," प्रोकोपी श्वास ओढत म्हणाला, आणि पुन्हा मळायला लागला. अगदी कुणाही फिनिश घरधन्यासारखा. सायमीला वाटलं, जमलं. आता हा रिंकेली संपवेल आणि जाईल.

मिशीवाला बाकाकडे वळला. "म्हातारं काय बोलंना."

"बहिरे-मुके आहेत ते, जन्मापासून," सायमी घाईने म्हणाली.

"तुला न्हाई इचारलं, बाई. मालक, बहिरं हाय का ह्ये?"

"यो."

"जनमापासनं?"

"यो."

"आन् दाढी आजच केलीया जनू. हनुवट पांढरी फटक हाय."

प्रोकोपीचे हात किंचित थांबले. "यो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

"लगीन करतंय का काय ह्या वयात." मागचा एक तरणा शिपाई हसला. मिशीवाला हसला नाही. त्याने पावाचा तुकडा चावत, आवाज जराही न चढवता, थंडी-पावसाचं बोलावं तसं विचारलं, "रश्या हाय न्हवं?"

"यो," प्रोकोपीने श्वास आत ओढला.

 शब्द गेला होता आणि अर्थ मागून येत होता, आणि सायमीने तो आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर येताना पाहिला. आधी कान, मग डोळे, मग ओठ. हात कणकेत रुतून राहिले.

मिशीवाला म्हाताऱ्याकडे बघतच नव्हता. तो प्रोकोपीकडे बघत होता. "बाई," तो म्हणाला, "तू म्हनली काका. तुजा नवरा म्हंतोय रश्या हाय. मग खरं काय? म्हातारं रश्या हाय, का ह्याला म्या काय इचारलं त्येच समजलं न्हाई? फिनिश मानसाला फिनिश समजतं, न्हाई का?"

त्याने तिला दोन दारं दाखवली होती आणि दोन्हींच्या मागे खंदक होता. नाही म्हणावं, काका माझाच, नवऱ्याला ऐकू कमी आलं म्हणावं, तर तो प्रोकोपीला बोलतं करणार. पुरं वाक्य बोल म्हणणार. पहिल्या वाक्यातच रशिया बाहेर पडणार, आणि मग दोघेही जाणार. हो म्हणावं, तर एकटा काका जाणार. सायमीने बाकाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या तोंडून शब्द निघाला नसता हे तिला ठाऊक होतं.

"समजलं की त्याला," ती म्हणाली. "खरं तेच सांगितलंय त्याने. म्हातारा रशियन आहे. मीच खोटं बोलले, दया आली म्हणून. भट्टीवर कामाला ठेवलाय, आमचा कुणी नाही तो."

"आता कसं," मिशीवाला म्हणाला. "नवऱ्याकडनं शिक. मानसानं खरं बोलावं." आणि त्याने म्हाताऱ्याला बोट दाखवून उठ म्हणून खूण केली.

लुकाकाकाला बोलणं कळलं नव्हतं. पण रशियनांना इथे कुठल्या शब्दाने हाका मारतात तो शब्द या शहरातल्या प्रत्येक रशियनाला ठाऊक असतो, आणि तो त्याने ऐकला होता. त्याने सूनबाईकडे पाहिलं, मग प्रोकोपीकडे. तोंड उघडलं असतं तर बोलायला पुष्कळ होतं. निदान 'बाळा, येतो' एवढं तरी. प्रोकोपीचे ओठ हलले, काहीतरी फुटणार असं दिसलं, तशी म्हाताऱ्याने त्याच्यावर डोळे वटारले, तो लहान असताना हात भाजून घ्यायला निघाला की वटारायचा तसे. मग त्याने खुंटीवरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि ज्याला त्याने उचलून मोठं केलं होतं त्याच्यापुढे कमरेत वाकला. गडी माणूस मालकाची रजा घेताना वाकतो, अगदी तसा. तो गडी आणि हा मालक, हे त्या तिघा शिपायांना नीट दिसेल इतका वेळ तो वाकून राहिला. मग टोपी घातली आणि त्यांच्या पुढे चालायला लागला. तोंडातून अक्षर काढलं नाही.

जाताना मिशीवाल्याने उरलेली माळ उचलली. "देव भलं करो," तो म्हणाला.

दार लागलं. प्रोकोपीने कणकेतून हात उपसले आणि तो दाराकडे धावला, पण सायमी आधी पोचली होती. ती दाराला पाठ लावून खाली बसली, पाय पुढे पसरून.

"बाजूला हो."

"नाही."

"मला कळलंच नाही ग," तो म्हणाला. आता तो भडाभडा बोलायला लागला, रशियन धाटणीच्या फिनिशमध्ये, सगळ्या 'य'कारांसकट. "तो बोलत होता आणि मी आपला तू सांगितलंस तसं करत होतो. यो, यो. मळायचं आणि यो म्हणायचं. शब्द गेला तोंडातून. सायमी, मला कळलंच नाही."

"माहीत आहे मला."

"मी मारलं त्यांना."

"तू नाही. तुझी चूक झाली. माझी चूक झाली नाही, प्रोको. मी विचार करून सांगितलं." हे म्हणताना तिला वाटलं होतं की आपण रडू, पण रडू आलं नाही.  "आणि त्या शिपायाने पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन."

"नाही म्हणायचंस."

"मग दोघंही गेला असतात."

"गेलो असतो! निदान ते एकटे गेले नसते. सगळा जन्म त्यांनी मला एकट्याला कुठे पाठवलं नाही, शाळेतसुद्धा सोडायला यायचे. बाजूला हो, सायमी. मी सांगतो त्यांना, मीही रशियन आहे म्हणून. बाजूला हो!"

"जायचं तर मला उचलून जा."

प्रोकोपी म्हणजे पिठाची भरली गोणी एका झटक्यात खांद्यावर टाकणारा गडी. सायमीची काय कथा! तिच्या दंडाला धरून बाजूला ठेवायला त्याला एक हात पुरला असता. त्याने तो हात पुढे केलाही. तिच्या खांद्यावर ठेवला. कणकेचा ओला, जड हात. सायमी डोळे मिटून वाट बघत राहिली. तिने दाराची चौकट धरली नव्हती की पाय रोवले नव्हते. त्याने उचलावं आणि जावं, असं एखाद्या क्षणी तिला वाटूनही गेलं असेल.

तो हात तिथेच राहिला. बाहेर पावलं अंगणातून रस्त्यावर गेली, रस्त्याच्या टोकाला गेली, मग ऐकू येईनाशी झाली. तटाकडून गोळीचा आवाज आला तेव्हा तो हात एकदा घट्ट झाला आणि सैल पडला.

सायमीने डोळे उघडले. प्रोकोपी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. मी खरंच जाणार होतो ना, असं त्याला विचारायचं होतं ते तिला कळलं होतं, आणि तिला उचलता येत असूनही तो थांबला हे तिने ओळखलंय ते त्याला.  दाराशी बसून राहायचं आता काही कारण नव्हतं, तरी ती बसून राहिली.